व्हीटी, फाउंटन, दादर टीटी : मुंबईत नव्याने आलेल्यांसाठी जुन्या-नव्या नावांचा मार्गदर्शक

हातातल्या कागदावर लिहिलेलं असतं 'डॉ. गोपाळराव देशमुख मार्ग'. टॅक्सीवाले काका खिडकीतून दोनदा ऐकून घेतात आणि मान हलवतात. मागे रांगेत उभं असलेलं कुणीतरी वैतागून म्हणतं, "अहो, पेडर रोड!" लगेच मीटर पडतो.

याच्या उलटही घडतं. खोली दाखवणारा फोनवर 'डिलाईल रोड'ला या म्हणतो. तिथे पोचल्यावर रस्त्याच्या पाटीवर आणि पोलीस ठाण्याच्या फलकावर, सगळीकडे ना. म. जोशी मार्ग. डिलाईल कुठे गेला म्हणून माणूस पुलाखाली उभा.

मुंबईत एकाच जागेला दोन नावं असणं नेहमीचं आहे, काही ठिकाणी तर तीनही. त्यातलं बरोबर कोणतं यावर वाद घालण्यात वेळ जातो. कोणासमोर कोणतं नाव चालतं, हे कळलं की काम होतं.

आधी पत्ता शेवटाकडून वाचा

रस्त्याच्या नावाशी झटापट करण्याआधी पिनकोड बघा. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाले. त्याआधी मुंबईत टपालाचे नुसते विभाग-क्रमांक होते, आणि पिन आले तेव्हा तेच आकडे शेवटी बसवले गेले. त्यामुळे जुन्या लग्नपत्रिकेवर किंवा शेअर सर्टिफिकेटवर 'मुंबई-४' दिसलं तर ते ४००००४, म्हणजे गिरगाव. 'मुंबई-२८' म्हणजे ४०००२८, दादर पश्चिम. 'मुंबई-५०' म्हणजे ४०००५०, वांद्रे पश्चिम. म्हातारी माणसं अजून असाच पत्ता सांगतात, तो अपुरा नसतो. रस्त्याचं नाव कितीदा बदललं तरी हा आकडा जागचा हलत नाही. टपाल खात्यात तर जुनी नावंही शाबूत आहेत : ४०००११ जेकब सर्कल, ४०००१३ डिलाईल रोड.

पिननंतर जवळचं स्थानक आणि बाजू. पूर्व की पश्चिम हे विचारल्याशिवाय फोन ठेवू नका. चुकीच्या बाजूला उतरलात तर पूल चढून पलीकडे जाण्यात दहा-पंधरा मिनिटं जातात, आणि टॅक्सीत असाल तर उड्डाणपुलाचा वळसा.

रस्त्याचं नाव यानंतर. ते मिळालं की समोरच्याला एवढंच विचारा : "याला लोक काय म्हणतात?" या प्रश्नाने जितकं काम होतं तितकं नकाशाच्या ॲपनेही होत नाही.

शेवटी खूण. इथे एक सवय लावून घ्यावी लागते : खुणेची वस्तू जागेवर असेलच असं नाही. चर्चगेटला गेट नाही आणि फोर्टात किल्ला नाही, दोन्ही १८६० च्या दशकात पाडले. काळा घोडा म्हणजे सातव्या एडवर्ड राजाचा घोड्यावरचा पुतळा. तो १९६५ मध्ये तिथून हलवला आणि पुढे राणीच्या बागेत गेला. त्यानंतर पन्नासेक वर्षं काळ्या घोड्याला घोडाच नव्हता. २०१७ मध्ये नवा बसवला, तोही बिनस्वाराचा. दादर टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस. मुंबईतली शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून (आताच्या सीएसएमटीपासून) दादरला गेली आणि बंद झाली, पण टीटी अजून आहे. दादर टीटी म्हटलं की दादर पूर्व, खोदादाद सर्कलचा परिसर. तिथे ट्राम शोधू नका.

कोणासमोर कोणतं नाव

टॅक्सीत जुनं नाव. लॅमिंग्टन रोड, वॉर्डन रोड, नेपियन सी रोड, ग्रँट रोड, बेलासिस रोड, क्रॉफर्ड मार्केट ही नावं चालतात. नेपियन सी रोडऐवजी 'लक्ष्मीबाई जगमोहनदास मार्ग' सांगितलंत तर बहुतेक चालक तुमच्याकडेच बघतील. रिक्षा दक्षिणेकडे माहीम-शीवच्या पुढे येत नाहीत, तिथून खाली टॅक्सीचं राज्य. इंग्रजांच्या काळातली नावंही याच पट्ट्यात दाटीने आहेत, त्यामुळे हा भाग पाठ केला की अर्धी अडचण संपते.

बेस्टच्या बसवर मात्र नवं नाव. नवखा माणूस सगळ्यात जास्त फसतो तो इथे. शीवला जायचं असतं, समोरून 'राणी लक्ष्मीबाई चौक' लिहिलेली बस येते, तो ती सोडून देतो. ती शीवलाच चाललेली असते. ही यादी फोनमध्ये उतरवून ठेवा :

अहिल्याबाई होळकर चौक : चर्चगेट स्टेशन
भाटिया बाग : सीएसएमटीच्या समोर
डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी चौक : म्युझियम, रीगल
महात्मा फुले मंडई : क्रॉफर्ड मार्केट
पं. पलुस्कर चौक : ऑपेरा हाउस
संत गाडगे महाराज चौक : सात रस्ता, जेकब सर्कल
वीर कोतवाल उद्यान : दादर पश्चिम, प्लाझा
महेश्वरी उद्यान : किंग्ज सर्कल
राणी लक्ष्मीबाई चौक : शीव, सायन

यादी हाताशी नसेल तर चढताना कंडक्टरला जुनं नाव सांगून विचारा, "ऑपेरा हाउसला जाते का?" पाटीवर नवं असलं तरी कंडक्टरला दोन्ही येतात.

रेल्वेच्या फलकावर एकाच स्थानकाची तीन भाषांत तीन रूपं दिसतात. मराठीत वांद्रे, हिंदीत बांद्रा. मराठीत भायखळा आणि शीव, इंग्रजीत बायकला आणि सायन. इथे नाव बदललेलं नाही. मूळ मराठी नाव आधीपासूनच वेगळं होतं आणि इंग्रजांच्या तोंडी ते वाकडं झालं.

पोलीस ठाणी, पालिका, न्यायालय इथे नवं नाव, तेही बहुधा आद्याक्षरांत. भाडेकरूची नोंद किंवा पासपोर्टची पडताळणी असेल तर आपलं ठाणं कोणतं हे कळायलाच हवं. डी. बी. मार्ग ठाणं म्हणजे लॅमिंग्टन रोड (डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग). एल. टी. मार्ग म्हणजे जुना कार्नाक रोड, आताचा लोकमान्य टिळक मार्ग. एम. आर. ए. मार्ग म्हणजे जुना पलटण रोड, आताचा माता रमाबाई आंबेडकर मार्ग. ना. म. जोशी मार्ग म्हणजे अर्थातच डिलाईल रोड. पालिकेच्या कामाला रस्त्यापेक्षा वॉर्डाचं अक्षर उपयोगी पडतं : फोर्ट-कुलाबा 'ए', ग्रँट रोड-मलबार हिल 'डी', भायखळा 'ई', वरळी-प्रभादेवी 'जी दक्षिण', दादर-माहीम 'जी उत्तर'.

फोर्ट ते गिरगाव, जरा सावकाश

सीएसएमटीपासून सुरुवात करू. पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी ठाण्याला गेली ती बोरीबंदरहून. पुढे त्याच जागी १८८८ मध्ये पूर्ण झालेली इमारत व्हिक्टोरिया टर्मिनस झाली, म्हणजे व्हीटी. १९९६ मध्ये छत्रपती शिवाजी टर्मिनस, म्हणजे सीएसटी. २०१७ मध्ये 'महाराज' जोडलं आणि सीएसएमटी झालं. बोलणाऱ्याने यातलं कोणतं नाव घेतलं त्यावरून तो मुंबईत कधी रुळला याचा अंदाज येतो. बोरीबंदर म्हणणारे आता थोडे, व्हीटी म्हणणारे मात्र विशीतही सापडतात, कारण दोन अक्षरांत काम भागतं. चारही नावं एकाच जागेची. आरक्षणाच्या वेळी संगणकावरचा कोड आता सीएसएमटी आहे. जुन्या तिकिटावर सीएसटीएम दिसलं तर गोंधळू नका.

स्टेशनातून बाहेर पडून दक्षिणेला जाणारा रस्ता हॉर्नबी रोड, आता दादाभाई नौरोजी रोड, बोलीत डी. एन. रोड. हे नवं नाव लोकांनी खरोखर उचललं आहे, हॉर्नबी आता ऐकू येत नाही. पुढे फ्लोरा फाउंटन. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात तिथे गोळीबार झाला, हुतात्म्यांचं स्मारक उभं राहिलं आणि चौक हुतात्मा चौक झाला. मेट्रो ३ च्या स्थानकालाही तेच नाव आहे. मराठी माणूस हुतात्मा चौक सहज म्हणतो, कचेऱ्यांतून मात्र अजून 'फाउंटन'. तिथून चर्चगेटकडे जाणारा वीर नरिमन रोड म्हणजे जुना चर्चगेट स्ट्रीट. समुद्राकाठचा नेताजी सुभाषचंद्र बोस मार्ग पत्त्यात लिहा, बोलताना मरीन ड्राइव्हच म्हणा.

क्वीन्स रोड म्हणजे महर्षी कर्वे रोड. प्रिन्सेस स्ट्रीट म्हणजे शामलदास गांधी मार्ग. धोबीतलावाला तळं नाही, तो आता वासुदेव बळवंत फडके चौक. ह्यूज रोड म्हणजे ना. सि. पाटकर मार्ग. गोवालिया टँकचं मैदान ऑगस्ट क्रांती मैदान झालं, ९ ऑगस्टला तिथे कार्यक्रम असतो, त्यामुळे ते नाव बऱ्यापैकी रुजलं आहे.

आता खरा सापळा. जुना सँडहर्स्ट रोड म्हणजे आजचा सरदार वल्लभभाई पटेल रोड, एस. व्ही. पी. रोड. तो गिरगावातून निघून पार डोंगरीपर्यंत जातो. सँडहर्स्ट रोड नावाचं स्थानक मध्य रेल्वेवर, डोंगरीच्या टोकाला. कुणी गिरगावातला पत्ता 'सँडहर्स्ट रोड' असा सांगितला आणि तुम्ही त्या स्थानकावर उतरलात, तर भर बाजारातून मोठी पायपीट आहे. पिन ४००००४ असेल तर पश्चिम रेल्वेच्या चर्नी रोडला उतरा. त्याच गिरगावात व्ही. पी. रोड आहे, जुना गिरगाव बॅक रोड, तो वल्लभभाईंच्या थोरल्या भावाच्या म्हणजे विठ्ठलभाई पटेलांच्या नावाने. आणि वांद्र्यापासून उत्तरेला जातो तो एस. व्ही. रोड, म्हणजे स्वामी विवेकानंद रोड, जुना घोडबंदर रोड. व्ही. पी., एस. व्ही. पी., एस. व्ही. : तीन वेगळे रस्ते, त्यातला एक थेट उपनगरात. फोनवर ऐकताना एक अक्षर गळलं की दीड तास गेला.

लालबाग-परळ-दादर

इथे गिरणगावाच्या तोंडी बसलेली नावं आहेत आणि ती सहज हटत नाहीत. आर्थर रोड म्हणजे साने गुरुजी मार्ग, पण तुरुंगाचा विषय निघाला की कुणीही 'आर्थर रोड'च म्हणतो. तुळशी पाईप रोड म्हणजे सेनापती बापट मार्ग, दोन्ही चालतात. करी रोड हा रस्ता आता महादेव पालव मार्ग, स्थानक अजून करी रोड. कॅडेल रोड म्हणजे स्वातंत्र्यवीर सावरकर मार्ग. भायखळ्याचं व्हिक्टोरिया गार्डन म्हणजे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. तिथे जाताना फक्त 'राणीची बाग' म्हणा, लहान पोरसुद्धा बोट दाखवेल.

एल्फिन्स्टन रोड स्थानकाचं नाव जुलै २०१८ मध्ये प्रभादेवी झालं. त्याने नव्या माणसाचा एक नवा गैरसमज करून दिला : सिद्धिविनायक प्रभादेवीत आहे, म्हणजे या स्थानकाला लागूनच असणार. तसं नाही. चालत बरंच अंतर आहे. देवळाला जाणारे पूर्वीपासून दादरला उतरून टॅक्सी किंवा बस घेतात, आणि आता मेट्रो ३ चं सिद्धिविनायक स्थानक आहे, ते घ्या. मध्य रेल्वेवरून प्रभादेवी स्थानकावर यायचं असेल तर परळला उतरून पूल ओलांडायचा. दोन्ही स्थानकं शेजारी-शेजारी आहेत, नावं मात्र वेगळी.

२०२४ मध्ये राज्याने आणखी काही स्थानकांची नावं बदलण्याचे प्रस्ताव मंजूर केले : करी रोडचं लालबाग, सँडहर्स्ट रोडचं डोंगरी, चर्नी रोडचं गिरगाव, डॉकयार्ड रोडचं माझगाव, कॉटन ग्रीनचं काळाचौकी वगैरे. स्थानकाचं नाव बदलायला केंद्राची संमती लागते. तोवर तिकीट काढताना फलकावर जे आहे तेच. गंमत अशी की यातली बरीच 'नवी' नावं लोक त्या वस्तीसाठी कायमच वापरत आले आहेत.

तीन छत्रपती आणि दोन टर्मिनस

नकाशाच्या ॲपमध्ये 'छत्रपती शिवाजी' एवढंच टाकू नका. रेल्वे टर्मिनस, विमानतळ आणि वस्तुसंग्रहालय (जुनं प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम) अशी तीन ठिकाणं समोर येतात. पहिलं आणि तिसरं एकमेकांपासून चालण्याच्या अंतरावर, विमानतळ मात्र वीसेक किलोमीटर दूर. घाईत पहिल्यावर बोट पडलं की विमान गेलं. विमानतळ लिहा, पुढे टर्मिनलचा आकडा लिहा.

विमानतळाला जुनी माणसं 'सहार' आणि 'सांताक्रूझ' म्हणतात. सहार म्हणजे टी-२, सांताक्रूझ म्हणजे टी-१. 'आंतरराष्ट्रीय ते सहार, देशांतर्गत ते सांताक्रूझ' हा हिशोब आता मोडीत निघाला आहे, कारण टी-२ वरून देशातली विमानंही सुटतात. तिकिटावर छापलेलं टर्मिनल हेच खरं. चुकलात तर रस्त्याने चार-पाच किलोमीटरचा फेरा, आणि त्या रस्त्याला वाहतूक कधी कमी नसते. सामानाच्या चिठ्ठीवर 'बीओएम' हा कोड दिसेल, तो बॉम्बेचा, अजून तसाच आहे.

कुर्ला टर्मिनसचं लोकमान्य टिळक टर्मिनस झालं, कोड एलटीटी. लोक अजून 'कुर्ला टर्मिनस' म्हणतात, आणि नवखा माणूस सामान घेऊन कुर्ला स्थानकावर उतरतो. टर्मिनस तिथे नाही. हार्बरचं टिळकनगर जास्त जवळ आहे, कुर्ल्याहून रिक्षा करावी लागते. तसंच मुंबई सेंट्रल : नावात सेंट्रल असलं तरी ते पश्चिम रेल्वेवर आहे. मध्य रेल्वेची गाडी पकडायची असेल तर तिथे जाऊन उपयोग नाही.

कोणतं नवं नाव टिकतं

अंदाज बांधायला एक ढोबळ कसोटी आहे : नवं नाव तोंडात मावतं का? आग्रा रोडचा एलबीएस (लाल बहादूर शास्त्री मार्ग) झाला, घोडबंदर रोडचा एस. व्ही. रोड झाला, आणि उपनगरात तेच चालतं. व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटने १९९७ मध्ये वीरमाता जिजाबाई हे नाव घेतलं आणि व्हीजेटीआय जसंच्या तसं राहिलं. कुणाची काही सवय मोडावी लागली नाही. बेस्टच्या 'बी'चंही तेच, बॉम्बेच्या जागी बृहन्मुंबई आलं. याउलट लांबलचक नाव आणि शेजारी जुन्याच नावाचं स्थानक असेल, तर जुनं नाव जात नाही. ग्रँट रोडचा मौलाना शौकत अली रोड होऊन किती वर्षं झाली, स्टेशन ग्रँट रोड आहे तोवर रस्ताही ग्रँट रोड.

नवीन बदल ताजे असताना दोन्ही नावं विचारून घ्या. मस्जिद स्थानकाजवळचा कार्नाक पूल पाडून नव्याने बांधला आणि १० जुलै २०२५ रोजी 'सिंदूर पूल' म्हणून खुला झाला. वाहतुकीच्या सूचनेत सिंदूर वाचाल, टॅक्सीत कार्नाक ऐकाल.

कागदावर कसं लिहायचं

भाडेकरार, बँक, शाळेचा दाखला : रस्त्याचं सध्याचं अधिकृत नाव आधी, कंसात 'पूर्वीचा अमुक रोड'. जुन्या इमारतींच्या कागदपत्रांत जुनंच नाव असतं, आणि दोन कागदांवर दोन नावं दिसली की कारकून अडवतो. कंसामुळे ते टळतं. मालमत्तेच्या व्यवहारात रस्त्याच्या नावावर विसंबूच नका. जमिनीच्या मोजणीचा क्रमांक, म्हणजे शहरात सी. एस. आणि उपनगरात सी. टी. एस. क्रमांक, जुळतो का ते बघा, तो नावाबरोबर बदलत नाही.

संस्थांची नावं स्वतःहून दुरुस्त करू नका. इंग्रजी अर्जात आयआयटी बॉम्बे हे बॉम्बेच आहे, बॉम्बे हायकोर्टही. मराठीत मात्र मुंबई उच्च न्यायालय. मराठी बोलताना शहराला बॉम्बे म्हणू नका, १९९५ च्या कितीतरी आधीपासून मराठीत ती मुंबईच आहे.

पूर्ण पत्त्याचा नमुना असा : खोली क्रमांक, इमारतीचं नाव, डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग (लॅमिंग्टन रोड), ग्रँट रोड स्थानकाजवळ, पूर्व, मुंबई ४०० ००७. कुरिअरवाल्याचा फोन आला की यातलं फक्त कंसातलं नाव आणि जवळचं एखादं दुकान सांगा.